सातबाऱ्यावर माझंही नाव: तारणाची खात्री कुठून येते?

आमची आत्या ऐंशीच्या पुढे गेली होती तेव्हाची गोष्ट. नगर जिल्ह्यातलं खेडं, मिशनच्या काळापासूनची जुनी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च. आत्यानं संडे स्कूलमध्ये गावातल्या तीन पिढ्यांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतलेल्या. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, रविवार तिनं कधी चुकवला नाही. शेवटच्या आजारपणात एका रात्री तिला पाणी द्यायला उठलो, तर ती जागीच होती. म्हणाली, "बाळा, देव मला घेईल ना रे?"

मी लगेच म्हणालो, "अगं आत्या, तुला नाही तर कुणाला? आयुष्यभर कुणाचं वाईट केलं नाहीस तू."

ती गप्प झाली. मग "तुला काय माहीत" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी तिला धीर द्यायला गेलो आणि नेमकं उलटं करून बसलो, हे मला लगेच कळलं नाही. तिला भीती तिच्या स्वतःच्याच खात्याची होती, आणि मी तिला तेच खातं पुन्हा उघडून वाचायला दिलं. बाहेरच्यांना दिसलं नाही ते सगळं तिला ठाऊक होतं. कुणाशी वर्षानुवर्षं धरलेला अबोला, मनात ठेवलेली अढी, तोंडातून गेलेला शब्द. "तू चांगली आहेस" हे ज्याला स्वतःचं मन माहीत आहे त्याला कधीच पुरत नाही.

तिला त्या रात्री हवं होतं ते भावनेचं भरतं नव्हतं. तिला सिद्धांत हवा होता. हा शब्द काढला की आमच्या मंडळीत बऱ्याच जणांचे चेहरे उतरतात. सिद्धांत म्हणजे सेमिनरीतल्या पोरांचा अभ्यास, आपल्याला काय करायचंय, आपण आपली गाणी म्हणू आणि प्रार्थना करू, असा सूर असतो. मला मात्र मनापासून वाटतं की ख्रिस्ती माणसाच्या आनंदाचं आणि रात्रीच्या झोपेचं मूळ तिथेच आहे. कसं, ते जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगतो.

आपल्याकडे शेतकऱ्याला सातबारा समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढलं की उताऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा चढतो. कर्ज फिटलं की बँकेचा दाखला तलाठ्याकडे जातो, फेरफार होतो, बोजा उतरतो. आता असा माणूस डोळ्यांपुढे आणा, ज्याचं कर्ज दुसऱ्या कुणीतरी पूर्ण भरलं आहे, बोजाही उतरला आहे, पण त्यानं नवा उतारा काढून पाहिलेलाच नाही. तो कर्जमुक्त आहे का? आहे. त्याला झोप लागते का? नाही. बँकेची जीप गावात शिरली की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याची जमीन मोकळी आहे, जीव मोकळा नाही.

तारण, म्हणजे देवानं पापातून केलेली सुटका, आणि त्या तारणाची खात्री यांत एवढंच अंतर आहे. तारण म्हणजे बोजा उतरणं. खात्री म्हणजे उतारा हातात घेऊन वाचणं. आणि उताऱ्यावरचा मजकूर समजावून सांगणं, हे सिद्धांताचं काम.

हा दाखला मी ओढूनताणून आणलेला नाही. येशूचा प्रेषित पौल यानं कलस्सैकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अगदी हेच चित्र आहे: आपल्याविरुद्ध असलेलं ऋणपत्र देवानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळून टाकलं. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी. कर्जमाफी कधीच फुकट नसते. सरकारनं माफ केलं तरी ते पैसे कुठल्या तरी तिजोरीतून जातातच. देवानंही पापाकडे काणाडोळा केलेला नाही. भरणा झाला आहे, पूर्ण झाला आहे, आणि भरणाऱ्याचं नाव येशू ख्रिस्त आहे.

आता मुख्य शब्दाकडे येऊ: नीतिमान ठरवणं. आपल्या बायबलमध्ये हा शब्द इतक्यांदा येतो की आपण तो वाचतो आणि पुढे सरकतो. त्यातल्या 'ठरवणं' या क्रियापदापाशी जरा थांबा. ठरवणं म्हणजे बनवणं नव्हे. कोर्टात न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो तेव्हा त्या क्षणी आरोपीच्या स्वभावात काहीच बदललेलं नसतं. बदलते ती त्याची कायद्यापुढची जागा. पिंजऱ्यातून तो बाहेर येतो आणि घरी जातो. देव पाप्याला नीतिमान ठरवतो तेव्हा तो असाच निकाल देतो, आणि तो निकाल ख्रिस्तानं केलेल्या कामावर आधारलेला असतो. स्वभाव बदलायचं कामही देव हाती घेतो, ते आयुष्यभर चालतं, त्याला पवित्रीकरण म्हणतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घोटाळा होतो. माणूस रोज आपल्या पवित्रीकरणाची प्रगती तपासतो आणि त्यावरून आपला निकाल काय लागेल याचा अंदाज बांधत बसतो. आत्याचं हेच झालं होतं.

ज्याच्यापासून प्रोटेस्टंट मंडळ्या सुरू झाल्या त्या मार्टिन ल्यूथरचंही हेच झालं होतं. १५०५ साली तो जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात शिरला. उपास, जागरणं, तासन् तास पापकबुली. कबुली देऊन बाहेर आला की एखादं राहिलेलं पाप आठवायचं आणि तो परत फिरायचा. पुढे तो विटेनबर्गला बायबलचा प्राध्यापक झाला, पण मन तसंच राहिलं. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सतराव्या वचनात 'देवाचं नीतिमत्त्व' प्रकट होतं असं म्हटलं आहे. ते वाचून त्याचा संताप व्हायचा, हे त्यानंच लिहून ठेवलं आहे. कारण देवाचं नीतिमत्त्व म्हणजे ज्या नीतीनं देव पाप्याला शिक्षा करतो ती, असंच त्याला शिकवलेलं होतं. रात्रंदिवस त्या वचनाशी झुंजल्यावर त्याला उमगलं की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देव ते देतो, आणि माणूस ते विश्वासानं घेतो. १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मागे वळून पाहताना त्यानं लिहिलं की त्या क्षणी आपल्याला स्वर्गाची दारं सताड उघडल्यासारखी वाटली. वचनातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. त्याचा अर्थ कळला होता.

ल्यूथरनंतर पुढच्याच पिढीत याच जर्मनीत एक प्रश्नोत्तरावली तयार झाली, आणि या विषयावर तिच्याइतकं माणसाच्या जवळचं लेखन मला दुसरं सापडलेलं नाही. हायडेलबर्गला फ्रेडरिक तिसरा हा त्या प्रांताचा शासक (इलेक्टर) होता. त्याच्या राज्यात प्रभुभोजनाच्या अर्थावरून धर्मगुरूंमध्ये कडाक्याची भांडणं लागलेली. लोकांना आणि मुलांना शिकवायला एक नीट, बायबलला धरून असलेलं पुस्तक हवं म्हणून त्यानं ते काम करवून घेतलं. लिहिण्यात मोठा वाटा झखारियास उर्सिनुस या विशीतल्या तरुणाचा. १५६३ साली ती छापली गेली. १२९ प्रश्न, आणि वर्षभर दर रविवारी शिकवता यावेत म्हणून त्यांचे ५२ गट.

एवढ्या वादावादीच्या काळात लिहिलेलं पुस्तक सुरू कसं होतं बघा. पहिला प्रश्न देव कोण आहे हा नाही, पाप म्हणजे काय हाही नाही. पहिला प्रश्न असा: जगताना आणि मरताना तुझं एकमेव समाधान कोणतं?

उत्तर माझ्या शब्दांत: मी माझा स्वतःचा नाही. जिवंतपणी आणि मरणात, देहानं आणि जिवानं मी माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा, येशू ख्रिस्ताचा आहे. त्यानं आपल्या मोलवान रक्तानं माझ्या सगळ्या पापांचं देणं पुरतं फेडलं आहे. माझ्या स्वर्गातल्या पित्याच्या इच्छेवाचून माझ्या डोक्यावरचा केसही गळू शकत नाही, इतकं तो मला जपतो.

'मी माझा नाही' यात समाधान कसलं, असं एखाद्याला वाटेल. पण आजारी माणसाला विचारा. आपलं सगळं ओझं आपल्याच डोक्यावर आहे, ही जाणीव माणसाला झोपू देत नाही. लहान मूल बसमध्ये आईच्या मांडीवर बिनघोर झोपतं. तिकीट कुणी काढायचं आणि कुठं उतरायचं, यातलं काहीच त्याच्याकडे नसतं.

या प्रश्नोत्तरावलीची एक लकब मला फार आवडते. विश्वासांगीकारातलं, म्हणजे मंडळीत उभं राहून म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीतलं, एकेक कलम ती घेते, अर्थ सांगते, आणि मग शिकणाऱ्याला विचारते: याचा तुला काय लाभ? यानं तुला कोणतं समाधान मिळतं? ख्रिस्ताचा जन्म झाला, बरं, तुला काय त्याचं? तो मेलेल्यांतून उठला, तुला काय मिळालं? ५२वा प्रश्न तर वाचणाऱ्याला थांबवतोच: जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त येणार आहे, यातून तुला समाधान काय? न्यायाचा दिवस म्हटलं की आपल्याला घाम फुटतो, आणि इथं समाधान विचारतात! उत्तर असं की, जो माझ्या जागी देवाच्या न्यायासनापुढे आधीच उभा राहिला आणि ज्यानं माझ्यावरचा शाप उतरवला, त्याचीच मी मान वर करून न्यायाधीश म्हणून वाट बघतो. ज्यानं माझं कर्ज भरलं तोच त्या दिवशी खुर्चीवर असणार आहे. हे कलम आपण जन्मभर दर रविवारी उभं राहून म्हणतो. त्यात इतका आनंद दडला आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

६०वा प्रश्न आत्याचा आहे: देवापुढे तू नीतिमान कसा ठरतोस? उत्तराची सुरुवातच प्रामाणिक आहे. माझं मन मला दोष देतं की मी देवाच्या सगळ्या आज्ञा मोडल्या आहेत, एकही पाळलेली नाही, आणि अजूनही माझा ओढा वाइटाकडेच आहे. हे नाकारायला कुणी सांगत नाही. "तू चांगली आहेस" असली मलमपट्टी नाही. पुढे 'तरीही' येतं. तरीही देव माझी काही लायकी नसताना, निव्वळ कृपेनं ख्रिस्ताचं प्रायश्चित्त, त्याचं नीतिमत्त्व आणि त्याचं पावित्र्य माझ्या नावे जमा करतो. जणू मी कधी पाप केलंच नाही, जणू ख्रिस्तानं माझ्यासाठी पाळलेल्या सगळ्या आज्ञा मीच पाळल्या आहेत.

म्हणजे सातबारा नुसता कोरा झालेला नाही. कोऱ्या उताऱ्याची जमीनही पुन्हा गहाण पडू शकते. इथं वारस म्हणून नावही लागलं आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की आपण देवाची मुलं आहोत, आणि मुलं म्हणून वारीस आहोत, ख्रिस्ताच्या जोडीनं वारीस. ज्या घरात वारसनोंदीवरून भावकीत वर्षानुवर्षं कज्जे चालले आहेत, त्या घरातल्या माणसाला या वचनाचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

इथं कुणीतरी विचारणारच, आणि विचारावंच: सगळंच फुकट मिळालं तर माणूस हवं तसं वागायला मोकळा नाही का? हा प्रश्न पौलाला त्याच्या हयातीतच विचारला गेला, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्याच्या उत्तरातच जातो. हायडेलबर्गच्या लेखकांनीही ६४वा प्रश्न यासाठीच ठेवला. त्यांचं म्हणणं, जो विश्वासानं ख्रिस्तात कलम झाला आहे त्याला कृतज्ञतेचं फळ येणार नाही हे अशक्य आहे. म्हणूनच त्यांनी दहा आज्ञांचं स्पष्टीकरण पुस्तकाच्या शेवटच्या, तिसऱ्या भागात घातलं, आणि त्या भागाला मथळा दिला 'कृतज्ञता'. शिडी चढून वर जाण्यासाठी आज्ञा पाळणं वेगळं आणि घरात घेतलेल्या लेकरानं बापाचं मन राखणं वेगळं. काम तेच दिसतं. पहिल्यात धाप लागते, दुसऱ्यात माणूस गातो.

आता खात्रीबद्दल. विश्वास आणि खात्री यांचं नातं नीट समजलं नाही तर हाच सिद्धांत माणसाला छळू शकतो. 'मला खात्री वाटत नाही, म्हणजे माझा विश्वासच खोटा' असं म्हणून रडणारे तरुण मी पाहिले आहेत. १६४६ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला तयार झालेल्या विश्वासाच्या कबुलीजबाबात याबद्दल मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला बराच काळ लागू शकतो, पुष्कळ झगडावं लागू शकतं, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. थरथरत्या हातानं घेतलेला दाखलाही खरा असतो. मनाचे चढउतार हा पुरावा धरायचा नाही. आजारपण, झोप नसणं, घरातलं दुःख, यांनी मन खाली जातंच. उताऱ्यावरचा मजकूर त्यामुळे पुसला जात नाही.

या मुद्द्यावर सगळ्या मंडळ्यांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेत कॅथलिक चर्चनं सांगितलं की देवाच्या दयेवर शंका घेऊ नये, मात्र आपल्याला कृपा लाभलीच आहे, असं कधीच न चुकणाऱ्या विश्वासाच्या खात्रीनं कुणी म्हणू शकत नाही. वसईतले माझे कॅथलिक स्नेही याच अर्थानं 'खात्री'पेक्षा 'आशा' हा शब्द वापरतात, आणि त्यांची ती आशा मी जवळून पाहिली आहे, ती भक्कम आहे. १९९९ साली जर्मनीतल्याच आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी नीतिमान ठरवण्याच्या सिद्धांतावर एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपण केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं, आपल्या कुठल्याही पुण्याईवाचून स्वीकारले जातो, हे त्यात दोघांनी मिळून म्हटलं आहे. मतभेद संपलेले नाहीत, पण ज्या शब्दावरून मंडळी दुभंगली त्यावर एवढं एकत्र बोलता आलं, हे मला थोडं वाटत नाही.

पुन्हा हायडेलबर्गकडे. २१वा प्रश्न विचारतो की खरा विश्वास म्हणजे काय. उत्तरात दोन गोष्टी येतात, ज्ञान आणि भरवसा. देवानं वचनात जे कळवलं ते खरं मानणं, आणि त्यावर मनापासून विसंबणं. आणि मग एक शब्द येतो, जो मी माझ्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. पापांची क्षमा, सार्वकालिक नीतिमत्त्व आणि तारण ही देवानं फक्त इतरांनाच दिलेली नाहीत, मलाही दिली आहेत.

मलाही.

ख्रिस्त जगासाठी मेला, हे मान्य करायला आपल्याला जड जात नाही. घोडं अडतं ते या शब्दापाशी. इंग्लंडचा जॉन वेस्ली दीक्षा झालेला धर्मगुरू होता, अमेरिकेत जॉर्जियाला मिशनकार्य करून हताश होऊन परतलेला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत तो मन नसताना गेला. तिथं ल्यूथरनं रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास आपल्या हृदयाला विलक्षण ऊब जाणवली, असं त्यानं रोजनिशीत लिहिलं. पण त्याच वाक्याच्या पुढे तो लिहितो की ख्रिस्तानं पापं दूर केली आहेत, 'माझीसुद्धा', याची आपल्याला खात्री देण्यात आली. लोक ऊब लक्षात ठेवतात. मला तो 'माझीसुद्धा' महत्त्वाचा वाटतो. ऊब आली ती सिद्धांताचं वाचन ऐकत असताना.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली ही बाई. ख्रिस्ती धर्मही त्यांनी बुद्धीनं पारखूनच घेतला. आणि तरी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. आपण लायक होण्याची वाट देव बघत बसत नाही, लायकी नसतानाच प्रीतीचा वर्षाव करतो, हे त्यांना वचनातून उमगलं, आणि आपल्या साक्षीत त्यांनी ते उघडपणे लिहिलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी पोटाशी धरलं, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी खपल्या. साध्या बाईला ते वाचून कळावं, हा त्यांचा ध्यास होता. कळण्याची किंमत त्यांना माहीत होती.

एक गोष्ट जपून सांगतो. २७व्या प्रश्नाच्या उत्तरात म्हटलं आहे की पाऊस आणि दुष्काळ, सुगी आणि नापिकी, आरोग्य आणि आजार, ही आपल्यावर योगायोगानं येत नाहीत, पित्याच्या हातून येतात. आमच्या दुष्काळी पट्ट्यात हे वाक्य मोठ्यानं वाचायला धीर लागतो. ज्या घरात नुकतं मरण झालं आहे, जिथं पीक जळालं आहे, तिथं हा सिद्धांत कुणाच्या तोंडावर फेकू नये. आधी जवळ बसावं, त्यांच्याबरोबर रडावं. पण तो आधी, बरे दिवस असताना, शिकलेला असावा. पुरात उभं राहून विहिरीचा काठ बांधता येत नाही.

आत्याकडे मी दोन दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी तिच्या चांगुलपणाबद्दल एक शब्द काढला नाही. म्हटलं, "आत्या, परवा मी तुला चुकीचं उत्तर दिलं. तू आज्ञा मोडल्या आहेस." तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडला. ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, इथपासून सुरुवात करून देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील, इथवर आलो. देवच नीतिमान ठरवणारा आहे, तर दोषी ठरवणारा कोण? तिथं तिनं हात वर करून मला थांबवलं.

"हे सगळ्यांसाठी आहे. मला पण?"

"तुला पण."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी प्रभुभोजन द्यायला आले. एरवी आत्या भाकर घेताना मान खाली घालून, पदर पुढे ओढून बसायची. त्या दिवशी पाळकसाहेबांची प्रार्थना संपायच्या आतच तिनं ओंजळ पुढे केली होती.